निमकर, अलीगंज

याद्यांच्या बैठकीत मुलाचे वडील कर्नल संग्राम चिटणीस यांनी तीनदा सांगितलं की आम्हाला काहीही नको, मुलगी आणि नारळ. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मुलीकडच्यांना बरं वाटलं. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा थोडी काळजी वाटली. तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर कर्नलसाहेबांनी "हां, रिवाज म्हणून जावयाला घड्याळबिड्याळ देतात, ते तुमच्या खुशीनं" अशी पुस्ती जोडली, तेव्हा सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. काहीच नको म्हणणाऱ्या माणसाला नक्की काय हवंय ते कळलं, की मुलीच्या बापाला निदान चहाची चव लागते.

मुलीचे बाप म्हणजे सुधीर निमकर, मूळचे मिरजेचे, बँकेतले अधिकारी. बारा वर्षांपूर्वी बदली होऊन लखनौला आले आणि अलीगंजात घर करून राहिले. गोष्ट साधारण चौऱ्याण्णव सालची. घड्याळ द्यायचं, इथपर्यंत सगळं ठीक होतं. दुकानात जायचं, बरंसं बघायचं, घेऊन यायचं. पण बैठकीला सुधीररावांचे साडू धैर्यशील हजर होते. धैर्यशील सहा वर्षं मस्कतला नोकरी करून आले होते आणि येताना मनगटावर सोन्याचं स्विस घड्याळ घेऊन आले होते. त्यांना कोणी वेळ विचारली तर ते वेळ सांगत नसत. हात पुढे करत आणि विचारणाऱ्याला वाचायला लावत. त्या दिवशी कोणी वेळ विचारली नव्हती, तरी त्यांनी हात पुढे केला.

"जावयाला द्यायचं तर असं द्यावं," ते म्हणाले. "अर्थात सगळ्यांना झेपतं असं नाही."

सुधीररावांचे कान तापले. आणि कान तापले की ते जे बोलत, त्याच्याशी त्यांच्या डोक्याचा काही संबंध नसे. "विकतचं कोणीही देतं," ते म्हणाले. "मी अमोघला घड्याळ स्वतः बनवून देणार आहे. हेच, अस्संच. सोन्याचा मुलामा, ऑटोमॅटिक, सगळं."

सुधीररावांच्या पत्नी वासंतीबाई पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभ्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. कर्नलसाहेबांना मात्र ही कल्पना भलतीच आवडली. सासरा स्वतःच्या हातांनी जावयाला घड्याळ बनवून देतो, असं त्यांनी उभ्या नोकरीत ऐकलं नव्हतं. मी मेसमध्ये सगळ्यांना सांगतो, असं ते म्हणाले, आणि लष्करी माणूस असल्यामुळे त्यांनी खरंच सांगितलं. दोन दिवसांत अख्ख्या छावणीला ही बातमी कळली, तिसऱ्या दिवशी महाराष्ट्र मंडळाला. माघार घ्यायची वाट बंद झाली.

आता सुधीररावांची बाजूही सांगितली पाहिजे. घड्याळांबद्दल आपल्याला उपजत ज्ञान आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्याला पुरावा त्यांच्या मनगटावरच होता. लग्नात सासऱ्यांनी, म्हणजे वासंतीबाईंच्या दादांनी, त्यांना एक साधं स्टीलचं चावीचं घड्याळ दिलं होतं. साधं, हा शब्द सुधीरराव गेली सव्वीस वर्षं न चुकता वापरत. पण या साध्या घड्याळाने सव्वीस वर्षांत एक मिनिट पुढेमागे केलं नव्हतं. बँकेतले सहकारी रोज चावी देत. सुधीररावांना ती आठवड्यातून एखाद्या वेळी आठवे, आणि तरीही घड्याळ कधी बंद पडलं नव्हतं. "यंत्राला माणसाचा हात कळतो," असं ते सांगत. या हातात काहीतरी आहे, एवढं त्यांनी त्यावरून ताडलं होतं.

पहिल्या रविवारी त्यांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्म्यावर भिंग बांधलं आणि पितळेच्या पत्र्यातून दातेरी चाक कापायला घेतलं. स्विस माणसं हेच करतात, आणि त्यांनाही दोनच हात असतात, असा त्यांचा मुद्दा होता. संध्याकाळपर्यंत एक चाक तयार झालं. ते रुपयाच्या नाण्याएवढं होतं आणि त्याला एका बाजूला अकरा दात होते, दुसऱ्या बाजूला सात. त्यांची मुलगी ऋता, जी लखनौत वाढल्यामुळे मराठी ऐकायची आणि हिंदीत उत्तर द्यायची, तिने ते हातात घेऊन पाहिलं. "पापा, ये तो पिज़्ज़ा काटने वाला है," ती म्हणाली. अपमानाची ही सुरुवात होती.

शेजारी हरिहर मिश्रा राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, म्हणून दिवसभर मोकळे. त्यांनी भिंतीवरून पाहिलं आणि सांगितलं की धरण असो की घड़ी, बाहर का ढाँचा पहले बनता है, मशीन बाद में आती है. सुधीररावांना हे पटलं, कारण चाकं कापण्यापेक्षा काहीही पटलं असतं. मिश्राजींच्या ओळखीचा एक कारागीर चौकात होता. हात सोन्यासारखा, पिढीजात काम, नवाबांच्या घरी माल जायचा. फक्त एक गोष्ट मिश्राजींनी सांगितली नाही, की हा माल म्हणजे पानदान. कारागिराने चित्र पाहिलं, माप घेतलं, आदाब केला आणि तीन आठवड्यांनी घड्याळाची पेटी हातात ठेवली. मुलामा झकास होता. कडेला नवाबी थाटाच्या दोन मासळ्या कोरल्या होत्या. झाकण टपकन उघडत होतं. पण जाडी पाहून वासंतीबाईंनी विचारलं की यात चुना कुठे भरायचा.

काच, काटे आणि पांढरी तबकडी मात्र लखनौत मनासारखी मिळेना. सुधीररावांनी मुंबईला भावाला, दिनकरला, लिहिलं. दिनकरने सामान पाठवलं आणि पार्सलवर इमानदारीने "घड्याळाचे सुटे भाग" असं लिहिलं. ही त्याची चूक. पार्सलच्या कचेरीतल्या बाबूने ते वाचलं आणि सुधीररावांना खुर्ची दिली, जे कधीच चांगलं लक्षण नसतं.

"पुर्ज़े हैं, तो कारख़ाना होगा," बाबू म्हणाला. "कारख़ाना है, तो लाइसेंस होगा. वही दिखा दीजिए, और क्या."

सुधीररावांनी सांगितलं की कारखाना नाही, मुलीचं लग्न आहे. बाबूने अभिनंदन केलं आणि कारखाना नसल्याचा दाखला मागितला. तो दाखला ज्या खिडकीवर मिळायचा ती जेवणाच्या सुट्टीनंतर उघडायची, आणि तिथला माणूस जेवणाच्या सुट्टीतच रजेवर गेला होता. दुसऱ्या खेपेला दाखल्यावर शिक्का गोल होता, चौकोनी हवा होता. तिसऱ्या खेपेला शिक्का चौकोनी होता, पण बाबू बदलला होता आणि नव्या बाबूला गोल पसंत होता. सुधीरराव लाल झाले. जनतेला असं नाचवायचं म्हणजे काय, असं ते घरी येऊन तावातावाने बोलले. त्याच दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या काउंटरवर एका विधवा बाईंना सही जुळत नाही म्हणून चौथ्यांदा परत पाठवलं होतं. पण ते नियमाने होतं.

चौथ्या खेपेला पार्सल सुटलं. पेटी आली, काच आली, काटे आले, तबकडी आली. आत घालायला यंत्र तेवढं नव्हतं, आणि लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं.

एका शनिवारी दुपारी, वासंतीबाई मंडळात हळदीकुंकवाला गेल्या असताना, सुधीररावांनी मनगटावरचं साधं घड्याळ काढलं आणि त्याचं मागचं झाकण उघडलं. फक्त बघायचं, असं ठरलं होतं. बघता बघता एक स्क्रू निघाला. मग दुसरा. मग एक गुंडाळलेली कमानी सुटून थेट फ्रीजवर जाऊन बसली. वासंतीबाई परत आल्या तेव्हा टेबलावर त्यांच्या दादांचं घड्याळ एकोणतीस तुकड्यांत मांडलेलं होतं, आणि शेजारी परातीत रुखवताच्या लाडवांसाठी भाजून ठेवलेला रवा होता. एक स्क्रू त्या रव्यात गेला असावा, असं सुधीररावांनी जरा घसा खाकरून सांगितलं.

वासंतीबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "दादांनी तेव्हा पाच महिने साठवून घेतलं होतं ते. तुम्ही काहीही करा. पण ऋताच्या लग्नात ते चाललं पाहिजे." एवढं बोलून त्या रवा चाळायला बसल्या. सुधीररावांना पहिल्यांदाच खरी भीती वाटली. आतापर्यंत प्रश्न साडूचा होता. आता तो घरातला झाला.

स्क्रू चाळणीत सापडला नाही. लाडू वळावेच लागले, आणि रुखवतात स्क्रू जाऊ नये म्हणून पहिला घाणा घरातच खाऊन संपवायचं ठरलं. तीन दिवस सुधीररावांनी सकाळ-संध्याकाळ लाडू खाल्ले, तेही जपून, पुढच्या दातांनी. चौथ्या दिवशी मिश्राजींनी भिंतीवरून एक उचलला आणि त्यांच्या पहिल्याच घासात तो निघाला. दाढ गेली. पुढचे आठ दिवस मिश्राजींनी सल्ला दिला नाही, एवढाच त्यातून फायदा झाला.

सगळे तुकडे सुपारीच्या डबीत भरून सुधीरराव अमीनाबादच्या एका गल्लीत पोचले. तिथे इश्तियाक साहब नावाचे वृद्ध घड़ीसाज बसत. त्यांनी डबी उघडली, भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक तुकडा चिमट्याने उलटून पाहिला.

"माशाअल्लाह," शेवटी ते म्हणाले. "किस दुश्मन ने खोली है, हुज़ूर?"

सुधीरराव म्हणाले की घरातल्याच कोणीतरी. इश्तियाक साहबांनी दुःखाने मान डोलावली, अशी माणसं प्रत्येक खानदानात असतात असं सांत्वन केलं आणि आठ दिवसांनी बोलावलं. आठ दिवसांनी पानदानाच्या पेटीत, मुंबईच्या काचेखाली, दादांचं घड्याळ टिकटिकत होतं. परत देताना इश्तियाक साहबांनी चावीचं टोक भिंगाखाली धरून दाखवलं. "देखिए, कितनी घिसी है. किसी ने रोज़ भरी है इसे, बरसों, बिना नाग़ा. अब भी रोज़ सुबह भरिएगा. कमानी बूढ़ी है, एक दिन निभा देगी, दूसरे दिन का वादा नहीं." सुधीरराव हसले. माझ्या हातात आठवड्याला एकदा पुरते, असं त्यांनी सांगितलं. इश्तियाक साहबांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं, मग डबीकडे पाहिलं, आणि तहज़ीब असल्यामुळे गप्प राहिले.

या साऱ्याला सुधीरराव पुढे "थोडं मार्गदर्शन घेतलं" असं म्हणत. घड्याळावर स्वतःच्या हाताचं काहीतरी असावं, हे मात्र त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी पेटी उघडून तबकडी काढून घेतली आणि मिशीतल्या एका केसाचा कुंचला करून तिच्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलं: निमकर, आणि खाली, स्विस लोक जिथे गाव लिहितात तिथे, अलीगंज. अक्षरं जरा मोठी झाली आणि बाराचा आकडा त्यांच्याखाली गेला. बारा कुठे असतात हे सगळ्यांना माहीत असतं, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. तबकडी परत बसवायला त्यांना पुन्हा अमीनाबादला थोडं मार्गदर्शन घ्यावं लागलं.

सीमांतपूजनाच्या संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये घड्याळ अमोघच्या मनगटावर चढलं. अमोघ गुणी मुलगा होता. मनगट एका बाजूला कलतंय हे त्याने दिसू दिलं नाही. चावी द्यायची का, असं त्याने विचारलं, कारण त्याने स्वतः कायम सेलचीच घड्याळं वापरली होती. "छे, छे," सुधीरराव धैर्यशीलना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "ऑटोमॅटिक आहे." वासंतीबाई काही बोलायला पुढे झाल्या, पण तेवढ्यात कोणीतरी त्यांना साड्यांच्या ताटाकडे ओढून नेलं. कर्नलसाहेबांनी पोराचा हात धरून सगळीकडे फिरवला. मग त्यांनी टाळी वाजवून जाहीर केलं की उद्याचा मुहूर्त बारा वाजून सात मिनिटांचा, आणि तो या घड्याळावर लागेल. बाकी कोणीही आपलं घड्याळ बघायचं नाही. बँडवाल्यांना हुकूम गेला की कर्नलसाहेबांचा रुमाल खाली पडेपर्यंत एकही सूर काढायचा नाही. सुधीररावांना त्या क्षणी आपण जिनिव्हाचे रहिवासी असल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुपर्काला त्यांनी जावयाचे पाय धुतले. पाय पुसताना सवयीने त्यांचा कान त्याच्या मनगटाकडे गेला. टिकटिक येत होती, पण दमलेल्या माणसाच्या बोलण्यासारखी. सुधीररावांच्या हातातला पंचा तसाच राहिला. सासरे भावनावश झाले, असं वाटून अमोघने त्यांचा हात दाबला.

मंगलाष्टकं सुरू झाली. पूर्वेकडे अमोघ, पश्चिमेकडे ऋता, मध्ये अंतरपाट. म्हणायला वासंतीबाईंची बहीण सुनेत्रा, म्हणजे धैर्यशीलांची बायको, जिला मंगलाष्टकांसाठी कानपूरहूनसुद्धा बोलावणं येई. पाच झाली, सहा झाली. हणमंत गुरुजी, जे एरवी रेल्वेच्या हिशेब खात्यात होते, त्यांनी हळूच विचारलं, किती वाजले. अमोघने मनगट पाहिलं. "अकरा बावन्न."

चिकार वेळ होता. सुनेत्राने लांब चालीची दोन घेतली. गुरुजींनी पुन्हा विचारलं. "अकरा बावन्न," अमोघ म्हणाला, या वेळी जरा दबक्या आवाजात.

हॉलमध्ये दीडशे मनगटांवर दीडशे घड्याळं होती आणि एकालाही ती पाहायची परवानगी नव्हती. लोक खिशात हात घालून, रुमालाआड, पाठीमागे वळून बघत होते आणि पाहून झाल्यावर छताकडे बघत होते. कोणी बोलेना. मुलाच्या बापाचा हुकूम, आणि तोही कर्नल. धैर्यशीलनी मात्र बाही वर केली आणि हात असा पसरला की चौथ्या रांगेतूनसुद्धा वाचता यावं. अक्षता संपल्या, माणसं खाली वाकून पहिल्याच अक्षता परत गोळा करू लागली. सुनेत्राने मुलाकडची देवळं, मुलीकडची देवळं, मिरजेचा दर्गा आणि गोमती नदी, सगळ्यांना आशीर्वादासाठी पाचारण केलं. आचारी दोनदा दारात येऊन गेला.

सुधीररावांना कळलं होतं. एकच वाक्य बोलायचं होतं: हे घड्याळ बंद पडलं आहे. मुलीचा मुहूर्त टळून चालला होता आणि तिचा बाप तिच्यापासून चार हातांवर उभा होता. ते वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलं. मग त्यांनी धैर्यशीलांच्या हाताकडे पाहिलं आणि ते गिळून टाकलं. पुढच्या मंगलाष्टकाला बोलू, असं त्यांनी ठरवलं. असं त्यांनी तीन वेळा ठरवलं. अंतरपाटाच्या वर ऋताचे डोळे दिसत होते, आणि ते त्यांच्याकडेच लागले होते. याची लाज त्यांना पुढे फार दिवस वाटत राहिली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

तेवढ्यात वासंतीबाई पुढे आल्या. शालू सावरत त्या अंतरपाटाच्या पलीकडे गेल्या आणि जावयाचं मनगट हातात घेतलं. कोणाला काही कळायच्या आत त्यांनी चावी फिरवायला सुरुवात केली. न बघता, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत, ठरलेले वीस वेढे, रोज कणीक मळणाऱ्या बाईच्या सहजपणाने. टिकटिक सुरू झाली. मग त्यांनी चावी जरा बाहेर ओढली, काटे पुढे नेले आणि बोट काढून घेतलं.

"बारा वाजून सहा मिनिटं झाली," त्या म्हणाल्या. "गुरुजी, म्हणा."

मागून मिश्राजींनी अभी तो बारह छब्बीस हैं असं म्हणायला तोंड उघडलं. कर्नलसाहेबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हुकूम हुकूम होता. मग ते मुलाच्या मनगटावर वाकले आणि बारा जिथे असायला हवे होते तिथून काटा सात मिनिटांवर जाईपर्यंत ताठ उभे राहिले. रुमाल पडला. अंतरपाट खाली आला, बँड कडाडला, आणि ऋता निमकरचं लग्न ठरल्या मुहूर्तावर, एका मिनिटाचाही फरक न होता, लागलं. धैर्यशीलांचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे, असं जेवणाच्या पंगतीत सर्वानुमते ठरलं.

सुधीररावांनी बायकोला विचारलं नाही. विचारायचं काय, हेच त्यांना समजत नव्हतं. बंद पडलेल्या घड्याळाला चावी द्यावी हे कोणालाही सुचलं असतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं. बंद पडायचं कारण बहुधा लाडवातला रवा असावा. लग्नाला आलेल्यांनी घड्याळाची इतकी तारीफ केली की पाच दिवसांत ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. कर्नलसाहेबांच्या मेसमधल्या दोघांनी तर तसंच घड्याळ मागितलं, आणि त्यांनी नवं पितळ आणायचं मनावर घेतलं.

पाचपरतावणाला ऋता आणि अमोघ आले. अमोघच्या मनगटावर पानदान होतं आणि ते सेकंदाला सेकंद चालत होतं. सुधीररावांनी रेडिओशी ताडून पाहिलं, दोनदा.

"बघितलंत?" ते जेवणाच्या टेबलावरून स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले. "आता कसं लागलंय. अमोघ, चावीबिवी देत नाहीस ना?"

"नाही, बाबा," अमोघ म्हणाला. "कधीच नाही. आपोआपच चालतं."

सुधीरराव खुर्चीत मागे रेलले. आत कपबशा वाजत होत्या आणि मायलेकी हळू आवाजात बोलत होत्या.

"मम्मी, वो नहाने जाते हैं ना, तभी भर देती हूँ," ऋता सांगत होती. "बीस बार. जैसा आपने बताया था."

"तीच वेळ बरी," वासंतीबाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं मी तेव्हाच देत होते. यांच्या कधी लक्षात आलं नाही."

अमोघने कपात तोंड घातलं. सुधीररावांनी आपल्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. सव्वीस वर्षं घड्याळाखाली राहिलेल्या कातडीचा गोरा पट्टा अजून तसाच होता. नव्या पितळेच्या पत्र्याची गुंडाळी त्यांनी पायानेच टेबलाखाली सारली. मग बऱ्याच वेळाने, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "अगं, किती वाजले?"